मिळकत नटाची, खर्च दिग्दर्शकाचा

मागच्या अंकात अभिनेते-दिग्दर्शकांवर लिहिताना मी जॉन कॅसाव्हेटीस हे नाव एका ओळीत उरकलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काहींत ‘हा कोण?’ असं होतं आणि काहींत ‘एवढंच?’ असं. म्हणून या महिन्याचं सदर या एकाच माणसाचं. प्रश्न थोडे छाटले आहेत. संकलनाच्या खोलीत आयुष्य काढलेल्या बाईकडे पत्र पाठवलंत की एवढं होणारच.

प्रश्न : ताई, मी एकांकिका स्पर्धांतून अभिनय करतो. आता दिग्दर्शन करायचंय, लिहायचंय. कॅसाव्हेटीसनं अभिनय नेमका कधी सोडला? मी नेमका कधी सोडावा? (एक वाचक, सांगली)

त्यानं सोडलाच नाही रे. तुझ्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर खरं तर इथेच संपतं, पण तुला कधी ना कधी पैशांची गणितं करावी लागणार आहेत, म्हणून सविस्तर सांगते.

१९२९ साली न्यूयॉर्कमध्ये ग्रीक आईवडिलांच्या घरी जन्म. लहानपणीची काही वर्षं ग्रीसमध्ये गेली. परत आला तेव्हा पोराला इंग्रजी येत नव्हतं. पुढे अमेरिकन अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्ट्समध्ये अभिनय शिकून १९५० मध्ये बाहेर पडला. त्या दशकात अमेरिकन टीव्हीवर नाटकं थेट प्रक्षेपित होत. चिडलेले, अस्वस्थ तरुण रंगवायला त्यांना नट लागायचे आणि हा त्यात चपखल बसला. १९५७ साली सिडनी पॉइटियेबरोबर ‘एज ऑफ द सिटी’ आला आणि सिनेमातही नाव झालं.

तेव्हापासून शेवटपर्यंत त्याचा हिशेब एकच होता. दुसऱ्यांच्या चित्रपटांत काम करायचं आणि आलेला पैसा स्वतःच्या चित्रपटात घालायचा. ‘शॅडोज’ हा पहिला चित्रपट पुरा करताना अंगावर आलेलं देणं फेडायला त्यानं ‘जॉनी स्टकॅटो’ ही टीव्ही मालिका घेतली. त्यात तो जॅझ पियानो वाजवणारा खाजगी गुप्तहेर होता. १९५९-६० मध्ये मालिका चालली, तिचे पाच भागही त्यानं दिग्दर्शित केले. ‘फेसेस’ १९६५ मध्ये चित्रित झाला आणि पडद्यावर आला १९६८ मध्ये. मधल्या काळात ‘द डर्टी डझन’ आणि ‘रोझमेरीज बेबी’मधली कामं त्यानं केली, त्या पैशावर संकलन चाललं. ‘डर्टी डझन’साठी तर सहायक अभिनेत्याचं ऑस्कर नामांकनही मिळालं. ‘रोझमेरीज बेबी’तली भूमिका आठवते? कामासाठी बायकोलाच पणाला लावणारा धडपड्या नट. त्या सेटवर दिग्दर्शक रोमान पोलान्स्कीशी त्याचं जमलं नाही. १९७८ मध्ये ब्रायन डी पाल्माच्या ‘द फ्युरी’त खलनायक झाला आणि शेवटी पडद्यावर त्याच्या अंगाच्या चिंधड्या उडाल्या. ते मानधनही पुढच्या चित्रपटांच्या कामी आलं असणार.

आपल्याकडे डॉ. श्रीराम लागूंनी ‘झाकोळ’ (१९८०) केला, अमोल पालेकरांनी ‘आक्रीत’ (१९८१) केला. दिग्दर्शनात उतरताना त्या दोघांच्याही पाठीशी अभिनयाचं नाव होतं. तेव्हा अभिनय सोडायची घाई करू नकोस. आणि तू पत्रात लिहिलेली ती बँकेतली नोकरी, तिच्याबद्दल तर बोलूच नकोस.

प्रश्न : त्यानं पहिल्या चित्रपटासाठी रेडिओवरून पैसे मागितले असं ऐकलं. खरं आहे? (एक वाचक, नाशिक)

खरं आहे, आणि ठरवून झालेलं नाही. १९५६ च्या सुमारास त्यानं बर्ट लेन या मित्राबरोबर न्यूयॉर्कमध्ये नटांची कार्यशाळा सुरू केली होती. तिथल्या एका प्रसंगातून सिनेमाची कल्पना निघाली : तीन कृष्णवर्णीय भावंडं, त्यातली दोघं इतकी उजळ की लोक त्यांना गोरं समजतात, आणि बहिणीच्या गोऱ्या प्रियकराला एक दिवस तिच्या काळ्यासावळ्या भावाला पाहून धक्का बसतो. १९५७ च्या सुरुवातीला कॅसाव्हेटीस जीन शेपर्डच्या रात्रीच्या रेडिओ कार्यक्रमात गेला होता. गेला होता ‘एज ऑफ द सिटी’ची जाहिरात करायला. बोलता बोलता म्हणून गेला की खऱ्या माणसांवरचा सिनेमा पाहायचा असेल तर लोकांनीच पैसे पाठवावेत. लोकांनी पाठवले! पाकिटांतून एकेक डॉलर करत सुमारे दोन हजार डॉलर जमले. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत शेपर्डच्या त्या श्रोत्यांचा उल्लेख आहे.

तुम्ही पत्रात ‘मंथन’ची आठवण काढलीत. १९७६ साली गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घातले आणि बेनेगलांचा तो चित्रपट उभा राहिला. पण तिथे मागे सहकारी संघाची भक्कम रचना होती आणि त्या पैशांत सिनेमा झाला. इथे दोन हजारांत सुरुवात तेवढी झाली. ‘शॅडोज’ला शेवटी चाळीसेक हजार डॉलर लागले. ते मित्रांकडून, ओळखीच्या कलाकारांकडून आणि स्वतःच्या खिशातून आले. रेडिओची गोष्ट सगळे सांगतात, त्यानंतर वर्ष-दोन वर्षं चाललेली उसनवारी कोणी सांगत नाही.

प्रश्न : ‘शॅडोज’च्या शेवटी पाटी येते की हा चित्रपट उत्स्फूर्तपणे घडवलेला आहे. म्हणजे संहिता नव्हतीच? आमच्या ग्रुपमध्ये यावर वाद चालू आहे. (नाट्यसंस्थेतली एक वाचक, ठाणे)

वाद थांबवा. ती पाटी खरी, पण तिच्यामुळे या माणसाबद्दल साठ वर्षांचा गैरसमज पसरला.

‘शॅडोज’चे दोन अवतार झाले. पहिला १९५८ मध्ये न्यूयॉर्कच्या पॅरिस थिएटरात मध्यरात्री फुकट दाखवला. समीक्षक जोनस मेकस हरखून गेला आणि त्यानं आपल्या मासिकाचं पारितोषिक दिलं. बाकीचे प्रेक्षक फारसे हरखले नाहीत. कॅसाव्हेटीसही नाही. त्याचं म्हणणं असं की यात कॅमेऱ्याचे खेळ आणि शहराचं वातावरण फार झालंय, माणसं कमी पडली आहेत. मग १९५९ मध्ये त्यानं पुन्हा चित्रीकरण केलं, जुनं बरंच काढून टाकलं, आणि या नव्या भागातली बरीच दृश्यं लिहून काढलेली होती. मेकसनं ही दुसरी आवृत्ती जाहीरपणे झोडपली. आज आपण पाहतो ती हीच, आणि १९६० मध्ये व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात समीक्षकांचा पुरस्कार मिळाला तोही हिलाच. म्हणजे पाटी लावली दुसऱ्या अवतारावर, आणि ती जास्त लागू पडते पहिल्याला.

पहिल्या अवताराच्या संकलनाबद्दल तो एक किस्सा सांगायचा. तो ऐकून मला त्याच्या संकलकाची दया येते. चित्रीकरणात कोणता नट काय बोलला याची नोंद कोणी ठेवलीच नव्हती. संहिता नाही, कोणत्या टेकमध्ये काय झालं याचा कागद नाही. खोलीत बसल्यावर चित्र एकीकडे आणि आवाज दुसरीकडे. शेवटी पडद्यावरचे ओठ वाचून काय म्हटलंय ते सांगणाऱ्या माणसांना बोलवावं लागलं. फिल्मच्या जमान्यात ज्यांनी रशेस, म्हणजे चित्रित झालेले कच्चे तुकडे, आवाजाशी जुळवले आहेत त्यांना हे वाचून घाम फुटेल. तेव्हा तुमच्या ग्रुपमधल्या ‘संहिता नको’ म्हणणाऱ्या गटाला एवढंच विचारा : नोंदी कोण ठेवणार?

‘फेसेस’पासून पुढे तो पक्का लिहिणारा होता. ‘फेसेस’च्या पटकथेला ऑस्कर नामांकन आहे, आणि न लिहिलेल्या पटकथेला ते मिळत नाही. शब्द त्याचे असत, नट ते कसे म्हणतील, कुठे उभे राहतील, हे मोकळं असे. तालमीत नटानं काही वेगळं केलं तर तो घरी जाऊन प्रसंग पुन्हा लिहायचा. म्हणजे सुचायचं ते लेखनाच्या टेबलावर आणि तालमीत. कॅमेरा सुरू झाल्यावर फक्त जीव ओतायचा.

प्रश्न : मोठ्या स्टुडिओंशी त्याचं बिनसलं का? (एक वाचक, पुणे)

‘शॅडोज’ गाजल्यावर हॉलिवूडनं त्याला बोलावून घेतलं. पॅरामाउंटसाठी ‘टू लेट ब्लूज’ (१९६१) केला. त्याला न्यूयॉर्क हवं होतं, मिळालं लॉस एंजेलिस. चित्रपट वाईट नाही, बेतलेला आहे.

खरा तडा गेला तो ‘अ चाइल्ड इज वेटिंग’मध्ये (१९६३). निर्माता स्टॅन्ली क्रेमर, नट बर्ट लँकेस्टर आणि जूडी गार्लंड, विषय मतिमंद मुलांच्या संस्थेचा. त्यात बरीचशी मुलं खरोखरच्या संस्थेतली होती. कॅसाव्हेटीसला वाटत होतं की या मुलांत काही बिघडलेलं नाही, त्यांच्याकडे पाहणाऱ्या शहाण्यांत आहे. क्रेमरला वाटत होतं की ही मुलं दुःखी आहेत आणि संस्था हाच त्यांचा आधार आहे. संकलन चालू असतानाच क्रेमरनं त्याला बाजूला काढलं आणि चित्रपट आपल्या मनासारखा कापला. यावर सगळे कॅसाव्हेटीसच्या बाजूनं लिहितात. मी निम्मीच त्याच्या बाजूची आहे. पडद्यावर उरलेल्या चित्रपटात गार्लंड आणि मुलं एकत्र येतात ती दृश्यं बघा. ज्यानं ती संकलित केली त्याला माणसं कळत होती. पण त्या भांडणानंतर कॅसाव्हेटीसनं ठरवून टाकलं की कात्री आपल्याच हातात पाहिजे. दिग्दर्शनाची कामं यायची थांबली. म्हणून तर ‘फेसेस’ घरात झाला. खरोखर घरात : त्याचं स्वतःचं घर आणि सासूबाईंचं घर ही चित्रीकरणाची ठिकाणं, गॅरेजमध्ये संकलनाची यंत्रं, १६ मिलिमीटरची कृष्णधवल फिल्म. मोडकळीला आलेल्या लग्नाच्या एका रात्रीची गोष्ट, आणि ते सहा महिने चित्रित होत होतं. लिन कार्लिन ही त्यातली बायको, ती तोवर एका ऑफिसात सेक्रेटरी होती. तिला ऑस्कर नामांकन मिळालं, सीमोर कॅसललाही मिळालं.

प्रश्न : मला वाटतं त्या दोघांत खरी मोठी कलाकार जीना रोलंड्सच होती. नवऱ्यामुळे ती झाकली गेली का? (एक वाचक, न्यू जर्सी)

झाकली गेली असं मी म्हणणार नाही. तुम्ही ‘अ वुमन अंडर द इन्फ्लुएन्स’ (१९७४) पाहिलाच असेल, तरी बाकीच्यांसाठी सांगते.

१९५४ मध्ये त्यांचं लग्न झालं. जीनाला आजच्या बायकांच्या अडचणींवरचं नाटक हवं होतं. त्यानं लिहून दिलं. तिनं वाचलं आणि सांगितलं की आठवड्याला आठ प्रयोगांत हे रोज जगायचं तर मी वेडी होईन. मग त्याचा सिनेमा झाला. लॉस एंजेलिसमधला निक लाँगेटी हा बांधकाम कामगारांचा मुकादम आणि त्याची बायको मेबल. मेबलला सगळ्यांना आनंदात ठेवायचंय, आणि ते कसं करायचं याची तिची रीत जगाच्या रीतीत बसत नाही.

स्टुडिओंनी नाही म्हटलं. कोणाला पाहायचंय एका मध्यमवयीन बाईचं डोकं फिरताना! घर गहाण पडलं. निकची भूमिका करणाऱ्या पीटर फॉकनं ‘कोलंबो’ मालिकेतून मिळवलेले पाच लाख डॉलर घातले. अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये कॅसाव्हेटीस तेव्हा निवासी दिग्दर्शक होता, म्हणून तिथले विद्यार्थी तंत्रज्ञ झाले. मेबलची आई म्हणजे जीनाची खरी आई आणि निकची आई म्हणजे जॉनची खरी आई.

त्यातला सकाळच्या स्पॅगेटीचा प्रसंग मी जितका पाहिलाय तितका दुसरा कुठला पाहिला नसेल. रात्रपाळी करून निक दहा-बारा गड्यांना घेऊन घरी येतो. मेबल सगळ्यांना जेवायला बसवते. प्रत्येकाला नाव विचारते. कोणी ऑपेरातली ओळ गातो. हळूहळू ती एका लाजऱ्या माणसाच्या फारच जवळ जाते, नाचायला ये म्हणते, आणि निक एकदम ओरडतो. टेबलावरची सगळी तोंडं खाली. कुठलाही शहाणा संकलक यातला अर्धा भाग काढेल, नावं विचारणं तर पहिलं जाईल. ते काढलं तर निकच्या ओरडण्यानं आपण दचकणार नाही, कारण त्या पाहुण्यांसारखे आपणही तोवर तिच्या घरात रुळलेलो नसू. मी हाताखालच्या मुलांना हा प्रसंग दाखवून विचारायची, कापा कुठे कापायचं ते. चलाख मुलं लगेच जागा दाखवत. बरी मुलं गप्प बसत.

वितरकही मिळाला नाही. मग त्यांनीच फोन फिरवून थिएटरं ठरवली, चित्रपट कॉलेजांतून नेला, तिथे कॅसाव्हेटीस आणि फॉक प्रेक्षकांशी बोलायला उभे राहिले. पुढे दिग्दर्शन आणि अभिनेत्री अशी दोन ऑस्कर नामांकनं आली. दिग्दर्शनाचं कोपोलाला गेलं, ‘गॉडफादर’च्या दुसऱ्या भागासाठी. जीनाचं गेलं एलन बर्स्टिनकडे. बर्स्टिन चांगलीच होती, तरी मी अजून त्या निकालावर रुसलेली आहे. हे धरून कॅसाव्हेटीसची नामांकनं तीन वेगवेगळ्या खात्यांतली झाली : नट, पटकथाकार, दिग्दर्शक. पुतळा एकही नाही. जीनाला मानद ऑस्कर मिळालं २०१५ मध्ये. २०२४ च्या ऑगस्टमध्ये ती गेली. तरुण वाचकांना ती ‘द नोटबुक’मधली म्हातारी म्हणून ठाऊक असेल. तो चित्रपट त्यांच्या मुलानं, निकनं दिग्दर्शित केला आहे.

तुमच्या प्रश्नाला धरून : तो लिहायचा ते तिच्यासाठी. ‘ग्लोरिया’ची (१९८०) पटकथा त्यानं नुसती विकायला लिहिली होती. तिला करायची होती म्हणून तो दिग्दर्शनाला उभा राहिला, आणि व्हेनिसचा सुवर्णसिंह त्याला लुई मालच्या चित्रपटाबरोबर विभागून मिळाला. मात्र घर गहाण ठेवायचं ते दोघांचं, कॅमेरे नाचणार ते तिच्या दिवाणखान्यात, तीन मुलं सांभाळायची ती त्याच गर्दीत. हे सगळं ‘ध्येयवेडा’ या एका शब्दात गुंडाळणाऱ्यांचा मला राग येतो.

प्रश्न : ‘कोलंबो’मध्ये तो होता का? आमच्या घरात पैज लागली आहे. (एक वाचक, डोंबिवली)

होता. १९७२ चा ‘एट्यूड इन ब्लॅक’ हा भाग, प्रेयसीचा खून करणारा वाद्यवृंद-संचालक. समोर दोस्त पीटर फॉक. पैज कोणी जिंकली ते कळवा.

प्रश्न : तुम्ही त्याचं फार कौतुक करता. त्याचं काहीच चुकलं नाही? (एक वाचक, कोल्हापूर)

चुकलं की! ‘हजबंड्स’ (१९७०) मला सोसत नाही. तीन मित्र चौथ्याच्या मयतीनंतर पितात, गातात, लंडनला पळतात. त्यातला गुत्त्यातला गाण्याचा प्रसंग आणि मागोमाग येणारं ओकणं इतकं लांबतं की लोक थिएटर सोडून जात. मी त्यांना दोष देत नाही. स्पॅगेटीच्या प्रसंगातही तो थांबलाय आणि इथेही, पण तिथे एक बाई सगळ्यांकडे बघत असते, इथे तिघं एकमेकांकडे बघून खूश होतात.

उलट ‘द किलिंग ऑफ अ चायनीज बुकी’चं बघा. कर्जात बुडालेल्या नाइटक्लबच्या मालकाच्या भूमिकेत बेन गॅझारा. १९७६ ची आवृत्ती सव्वादोन तासांची, ती आपटली. त्यानं ती काढून घेतली आणि १९७८ मध्ये स्वतःच कापून पावणेदोन तासांवर आणली. आजचे बहुतेक चाहते लांब आवृत्तीच्या बाजूचे आहेत. मला लहान आवडते. यावर पत्रं येणार, येऊ द्या.

आणि दारू. १९८९ च्या फेब्रुवारीत तो यकृताच्या सिरोसिसनं गेला, वय ५९. त्याच्या आधीचा ‘लव्ह स्ट्रीम्स’ (१९८४) बर्लिनचा सुवर्ण अस्वल घेऊन आला. त्यात तो आणि जीना भाऊबहीण झाले आहेत, आणि घर तेच, त्यांचं. तो आजारी आहे हे त्याच्या चेहऱ्यावर, पोटावर दिसतं.

प्रश्न : सुरुवात कोणत्या चित्रपटापासून करावी? (बऱ्याच जणांचा प्रश्न)

‘ग्लोरिया’पासून. त्यात पिस्तूल आहे, पाठलाग आहे, एक पोरगा आहे, कंटाळा येणार नाही. मग ‘अ वुमन अंडर द इन्फ्लुएन्स’, पण तो रात्री झोपताना नको. ‘शॅडोज’ जॅझवाल्या चार्ल्स मिंगसच्या संगीतासाठीही पाहा.

नाटकवाल्यांनी मात्र थेट ‘ओपनिंग नाईट’ (१९७७) घ्यावा. जीना त्यात वय लपवता न येणारी नटी आहे आणि तिला तिच्या वयाचंच नाटक करायचंय. खऱ्या प्रेक्षागृहात खरे प्रेक्षक बसवून नाटकाचे प्रवेश चित्रित केलेत. बर्लिनला तिला अभिनयाचं पारितोषिक मिळालं, पण मायदेशात तो लॉस एंजेलिसला थोडे दिवस चालला आणि गुंडाळला गेला. रीतसर वितरण झालं ते कॅसाव्हेटीस गेल्यावर. सांगलीकर, तू हाच आधी बघ. शेवटच्या प्रवेशात जॉन आणि जीना रंगमंचावर लिहिलेलं बाजूला ठेवून बोलत सुटतात, ते नीट पाहा आणि मग ठाण्याच्या ग्रुपशी भांडायला जा.